मज्जारज्जूची दुखापत आणि स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती : नुकसान किती, उपाय काय?

गवतीचहा (धागाकर्ता)

अपघातात किंवा उंचावरून पडून मज्जारज्जूला मार लागतो, ऑपरेशन होतं, रॉड-स्क्रू बसतात. दोन-तीन महिने सुधारणा मंदावली की घरच्यांच्या कानावर येतं, "ऑटोइम्यून प्रकार सुरू झालाय," म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलीय. पाठोपाठ एएनएचं (स्वतःच्या पेशीकेंद्राविरुद्धच्या अँटिबॉडीजच्या रक्ततपासणीचं) पॅकेज, मग रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) नाहीतर इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज). या कल्पनेमागच्या शास्त्राला आधार आहे. तिच्यावरून फाडल्या जाणाऱ्या बिलांना मात्र नाही. म्हणून हा धागा.

आधी शब्द नीट करू. मणका म्हणजे हाड. त्याच्या पोकळीतून जाणारी, प्रौढ माणसात साधारण करंगळीएवढी जाड दोरी म्हणजे मज्जारज्जू. मणका मोडूनही मज्जारज्जू शाबूत राहू शकतो. इथली चर्चा मज्जारज्जूची आहे.

पहिला घाव काही क्षणांत संपतो, पण त्यानंतर आठवडे-महिने चालणारा दुसरा घाव सुरू होतो. एरवी रक्त आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये पक्की भिंत असते. ती फुटते. पहिल्या दिवसात रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आत घुसतात, जागेवरच्या मायक्रोग्लिया या रक्षक पेशी चेततात आणि साधारण तिसऱ्या दिवसापासून रक्तातले मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, गर्दी करू लागतात. लिम्फोसाइट, म्हणजे टी आणि बी पेशी, संख्येने कमी असतात आणि मागाहून येतात, पण लांबलेलं नुकसान काही अंशी त्यांच्या खात्यावर जातं.

त्यांना चेतवतो तो मायेलिनचा चुरा. मज्जातंतूंवरचं हे चरबी-प्रथिनांचं वेष्टण फाटतं आणि त्यातलं मायेलिन बेसिक प्रोटीन (एमबीपी) बाहेर पडतं. हातापायाच्या नसेत असा चुरा काही आठवड्यांत साफ होतो. मज्जारज्जूत ही सफाई इतकी रेंगाळते की माणसांमध्ये वर्षांनंतरही अवशेष सापडतात. एरवी भिंतीआड असलेली ही प्रथिनं आता लसिकाग्रंथींपर्यंत पोचतात. एमबीपी ओळखणाऱ्या टी पेशी निरोगी माणसातही थोड्या असतातच, थायमस (टी पेशी जिथे घडतात ती छातीतली ग्रंथी) सगळ्या गाळून टाकू शकत नाही. आयती ओळख पटली की त्या वाढतात.

बी पेशींचं चित्र ओहायो स्टेट विद्यापीठातल्या पोपोविच यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की दुखापतीनंतर बी पेशी दीर्घकाळ चेतलेल्या राहतात आणि ल्युपस या ऑटोइम्यून आजारात दिसतात तशा, पेशीकेंद्रातल्या घटकांविरुद्धच्या अँटिबॉडीजही तयार होतात. २००९ चा प्रयोग जास्त बोलका आहे. बी पेशीच नसलेल्या उंदरांची चाल नेहमीच्या उंदरांपेक्षा चांगली सुधारली. मग जखमी उंदरांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज वेगळ्या काढून धडधाकट उंदराच्या मज्जारज्जूत टोचल्या, तर तिथे दाह झाला आणि मागचे पाय लुळे पडले. हे नुकसान काही अंशी कॉम्प्लिमेंट साखळीतून (अँटिबॉडीच्या खुणेवर हल्ला करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांतून) होतं आणि काही अंशी अँटिबॉडीची शेपटी पकडणाऱ्या रिसेप्टरच्या पेशींतून.

माणसांतही मार लागल्यावर एमबीपीला प्रतिसाद देणाऱ्या टी पेशी वाढलेल्या आढळल्यात, चेतापेशींच्या आवरणातल्या जीएम१ गँग्लिओसाइडविरुद्धच्या अँटिबॉडीज आढळल्यात. २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या गटाने जीएफएपी या चेतासंस्थेच्या आधारपेशींतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीज दाखवल्या. ज्यांच्यात त्या होत्या त्यांच्यात पुढे नसांचं जळजळणारं दुखणं जास्त दिसलं.

पण अँटिबॉडी सापडणं आणि अँटिबॉडीमुळे पाय न हलणं यात मोठं अंतर आहे. पुढची चर्चा त्या अंतराची व्हावी.

---

निळी_शाई

धागा आवडला. एएनएपुरतं लिहितो.

निरोगी लोकांच्या रक्तातही एएनए पॉझिटिव्ह येतो. १:४० पातळीला (रक्तद्रव ४० पट पातळ करूनही) जवळजवळ ३२ टक्क्यांत, १:८० ला साधारण १३ टक्क्यांत, १:१६० ला ५ टक्क्यांत. म्हणजे मज्जारज्जूची दुखापत झालेल्या शंभर जणांची तपासणी केली, तर दुखापतीचा काडीचाही संबंध नसताना १:८० ला डझनभर "पॉझिटिव्ह" निघतील. त्यात भर म्हणजे या पेशंटना बेडसोर आणि लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार होतो. दीर्घ संसर्गातही अशा अँटिबॉडीज वाढतात.

ल्युपसची लक्षणं नसतील (सांधे सुजणं, चेहऱ्यावरचं पुरळ, लघवीतून प्रथिनं जाणं, रक्तपेशी घटणं), तर ही तपासणी मागवूच नये. रिपोर्ट हातात आला की त्याचं काहीतरी करावंसं वाटतंच.

---

पायवाट२

एक बाजू राहिली. हीच प्रतिकारशक्ती *वाचवते* असं म्हणणारी अख्खी शाळा होती.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मिखाल श्वार्ट्झ यांच्या गटाने १९९९ मध्ये उंदीरवर्गातल्या रॅटची डोळ्याची नस चिमटली आणि एमबीपी ओळखणाऱ्या टी पेशी टोचल्या. जास्त चेतापेशी वाचल्या. पुढे मज्जारज्जूच्या दुखापतीतही असेच निष्कर्ष आले. त्यातून "रक्षक स्वप्रतिकार" ही कल्पना निघाली: जखमेच्या जागी टी पेशींनी थोडी गडबड केली तर सफाई होते, चेतापेशींना पोषक घटक मिळतात.

२००२ मध्ये ओहायोच्या गटाने उलट दाखवलं. ज्या उंदरांच्या बहुतेक टी पेशी जन्मतःच एमबीपीवर रोखलेल्या होत्या, त्यांची दुखापतीनंतरची सुधारणा बिघडली आणि मायेलिनची जास्त हानी झाली.

एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवायची गरज नाही. प्राणी वेगळे, त्यांचे वंश वेगळे. काही वंश स्वप्रतिकाराला पटकन बळी पडतात, काही नाही. टी पेशी किती दिल्या, कधी दिल्या, त्या दाह वाढवणाऱ्या होत्या की आवरणाऱ्या, यावर निकाल उलटासुलटा होतो. पण माणसात हे आधी कसं मोजायचं? पेशंटची जनुकीय ठेवण बघून "तुमच्या टी पेशी रक्षक आहेत" असं सांगता येत नाही. आणि एमबीपीची लस टोचून पेशंटला आयुष्यभराचा दाह मागे लागला तर परतीची वाट नाही.

याच विचाराच्या शाखेतून प्रोकॉर्ड निघालं. पेशंटच्याच रक्तातले मॅक्रोफेज त्याच्याच त्वचेच्या तुकड्यासोबत ठेवून "चेतवायचे" आणि १४ दिवसांच्या आत जखमेजवळ मज्जारज्जूत टोचायचे. दुसऱ्या टप्प्याची चाचणी २००६ मध्ये पैशाअभावी थांबली. निकाल २०१२ मध्ये छापून आले: ४३ पेशंट, उपचाराचा फायदा नाही.

---

कोरडवाहू

> कॉम्प्लिमेंट साखळीतून आणि काही अंशी...

म्हणजे दाह दाबला की झालं ना? मग स्टेरॉइडवर एवढा वाद का? एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस, मायेलिनवर उलटणारा ऑटोइम्यून आजार) तर सर्रास देतात.

---

उंबरठा

कोरडवाहू, एमएसचा डोस आणि मज्जारज्जूच्या दुखापतीचा डोस ही दोन वेगळी औषधं समजा. रेणू मात्र तोच, मिथाइलप्रेडनिसोलोन.

एमएसच्या झटक्यात रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस. दुखापतीतला नॅसिस-२ या अमेरिकन चाचणीचा (१९९०) डोस असा: पहिल्या १५ मिनिटांत किलोमागे ३० मिग्रॅ, ४५ मिनिटं थांबायचं, मग पुढचे २३ तास किलोमागे ताशी ५.४ मिग्रॅ. ६० किलोच्या माणसासाठी पहिला मोठा डोस १८०० मिग्रॅ, मग ताशी ३२४ मिग्रॅ, २३ तासांत ७४५२. एकूण ९२५२ मिग्रॅ. एका दिवसात सव्वानऊ ग्रॅम! दाह आवरायला एवढं लागत नाही. हा डोस पेशींच्या आवरणातल्या चरबीचं ऑक्सिडेशन रोखायच्या कल्पनेवर बेतलेला होता. त्यामुळे "ऑटोइम्यून आहे म्हणून स्टेरॉइड" हे समर्थन मुळातच जुळत नाही.

वेळेचंही बघा. फायद्याचा जो दावा होता तो पहिल्या ८ तासांत सुरू केलेल्यांपुरता आणि तोही उपगटाच्या विश्लेषणातून आलेला. टी आणि बी पेशींचा खेळ तोवर सुरूही झालेला नसतो. १९९७ च्या नॅसिस-३ मध्ये ४८ तास दिलेल्यांत गंभीर न्यूमोनिया आणि सेप्सिस जास्त झाला. २०१३ च्या अमेरिकन न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शिकेने सरळ "देऊ नका" म्हटलं. २०१७ मध्ये एओस्पाइन या मणक्याच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ८ तासांच्या आत असेल तर २४ तासांचा कोर्स हा एक पर्याय म्हणून ठेवला, त्यापलीकडे नाही. दोन महिन्यांनी गोळ्यांनी सुरू केलेलं प्रेडनिसोलोन या कुठल्याच चौकटीत बसत नाही. त्याने साखर चढते, बेडसोर भरत नाही, आधीच ठिसूळ होत चाललेली मांडीची हाडं अजून ठिसूळ होतात.

---

ओलीकाठी

या धाग्यात एक गोष्ट अजून यायची आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर प्रतिकारशक्ती एकाच वेळी *उलटलेली* आणि *खचलेली* असते.

प्लीहा आणि लसिकाग्रंथी यांना सिम्पथेटिक (आपल्या इच्छेविना चालणाऱ्या) नसांचा पुरवठा असतो. प्लीहेचा पुरवठा छातीच्या मधल्या-खालच्या भागातून निघतो. दुखापत टी-६ (छातीच्या सहाव्या पातळी) च्या वर असेल तर मेंदूचा लगाम सुटतो. (टी-६ मधला टी थोरॅसिकचा, टी पेशीतला थायमसचा. घोळ करू नका.) उंदरांत टी-३ ला दुखापत केली तर नव्या जंतूविरुद्ध अँटिबॉडी बनवण्याची क्षमता घसरते. टी-९ ला केली तर तेवढी घसरत नाही. २०१३ च्या प्रयोगात आणखी दिसलं की ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचे (दुखापतीच्या खालच्या भागातल्या त्रासाने अचानक बीपी चढण्याचे) झटके जसजसे वारंवार येऊ लागतात तसतसं प्रतिकारशक्तीचं हे खचणं वाढत जातं. प्रत्येक झटक्यात प्लीहेत नॉरएपिनेफ्रिन या नसांतून सुटणाऱ्या रसायनाचा मारा होतो आणि लिम्फोसाइट मरतात.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून चित्र असं विचित्र: मायेलिनविरुद्धच्या अँटिबॉडीज बनतायत, पण न्यूमोनियाच्या जंतूशी लढायला बळ नाही. अशा माणसाला आणखी एक प्रतिकारदमन औषध देणं म्हणजे आग विझवायला घराची भिंत पाडणं.

आता माणसांतला पुरावा. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या गटाने अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींतली माहिती वापरून २०१२ मध्ये दाखवलं की सुरुवातीच्या काळात न्यूमोनिया किंवा ऑपरेशनच्या जखमेचा संसर्ग झालेल्यांत मज्जारज्जूची सुधारणा कमी होते. २०१७ च्या पुढच्या अभ्यासात हा परिणाम १० वर्षांपर्यंत टिकलेला दिसला. संबंध आहे, कारण शंभर टक्के सिद्ध नाही. पण माणसांत, सुधारणेशी थेट जोडलेला, आणि *आज* हाताशी असलेला घटक हाच. अँटिबॉडी नाही.

यातून निघणारी कामं, थोडं सविस्तर:

श्वास. मानेच्या दुखापतीत बरगड्यांचे स्नायू गेलेले असतात, श्वासपटलावर सगळा भार. अशा माणसाला सपाट झोपवलं तर श्वास *सुधारतो*, बसवलं की पोट पुढे ओघळून श्वासपटल खाली ओढलं जातं. म्हणून खुर्चीत बसवताना पोटाचा पट्टा बांधायचा. खोकायला जोर नसतो. काळजी घेणाऱ्याने दोन्ही तळहात बरगड्यांच्या खाली पोटावर ठेवून, पेशंटने खोकायचा प्रयत्न केला त्याच क्षणी आत आणि वर दाबायचं. फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. पोटाचं ऑपरेशन, बरगडी मोडलेली किंवा पोटाच्या शिरेत फिल्टर असेल तर आधी विचारा.

लघवी. स्वच्छ हातांनी दर ४ ते ६ तासांनी नळी, एका वेळी ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. जास्त निघत असेल तर नळीच्या फेऱ्या वाढवा किंवा पाणी दिवसभरात विभागून द्या. ताप, घाम, पायांचे आखडणे वाढणे अशी लक्षणं नसताना नुसत्या कल्चरमध्ये जंतू आले म्हणून अँटिबायोटिक नको. इथे चूक सर्रास होते आणि काही महिन्यांनी गोळीने मरणारा जंतूच उरत नाही.

त्वचा. पलंगावर दर २ तासांनी कूस, खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी भार हलवणं. पुढे वाकणं किंवा खुर्ची मागे तिरकी करणं, आणि ते किमान २ मिनिटं. हातांवर उचलून लगेच खाली बसलं तर त्वचेत रक्त परत यायला वेळ मिळत नाही.

---

कोरडवाहू

डिसरिफ्लेक्सियाचा झटका ओळखायचा कसा? घरी बीपीचं मशीन आहे असं धरून.

---

ओलीकाठी

टी-६ किंवा वरच्या दुखापतीत नेहमीचं वरचं बीपी ९० ते ११० असतं. त्यामुळे १४० हा आकडा साध्या माणसाला ठीक, इथे धोक्याचा. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वर गेलं, डोकं ठणकतंय, दुखापतीच्या वर चेहरा लाल आणि घाम, खाली गार-फिकट, तर झटका समजा.

लगेच सरळ बसवा, पाय खाली सोडा. पट्टा, मोजे, घट्ट कपडे, पायाला बांधलेली लघवीची पिशवी सैल करा. नळी असेल तर पिळलेली-दुमडलेली आहे का, पिशवी भरलीय का बघा. नळी नसेल तर लिग्नोकेन (बधिर करणारी) जेली लावून घाला. दर २ ते ५ मिनिटांनी बीपी. लघवीचं काही नसेल तर गुदाशय, पण आधी लिग्नोकेन जेली लावून काही मिनिटं थांबा, नाहीतर तपासण्यानेच झटका वाढतो. कारण सापडलं नाही आणि वरचं बीपी १५० किंवा जास्त राहिलं तर डॉक्टरांनी आधी लिहून ठेवलेलं नायट्रेट किंवा निफेडिपिन, आणि दवाखाना. लिंगताठरतेसाठीचं सिल्डेनाफिल २४ तासांत घेतलं असेल (त्याच गटातलं टाडालाफिल असेल तर ४८) तर नायट्रेट अजिबात नाही. ही एक ओळ मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा.

---

निळी_शाई

+१. आणि अशा झटक्यांमुळे प्लीहेतल्या पेशी मरत असतील, तर बद्धकोष्ठ आणि तुंबलेली नळी टाळणं हाच एक प्रकारचा "इम्यून उपचार" म्हणायला हरकत नाही. फुकटचा.

---

सातबारा

रिटुक्सिमॅबचं काय? उंदरांत बी पेशी नसल्या की फायदा, मग माणसात बी पेशी मारल्या तर?

---

गवतीचहा

तर्क सरळ वाटतो, पण चार ठिकाणी अडतो.

एक. २००९ चे उंदीर जन्मापासून बी पेशींशिवाय होते. पेशंटला औषध मिळणार ते निदान, परवानगी, पैसे जमल्यावर.

दोन. रिटुक्सिमॅब सीडी२० हा खुणेचा रेणू असलेल्या बी पेशी मारतं. अँटिबॉडी प्रत्यक्ष ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतो. शिवाय तयार झालेल्या आयजीजीचं (रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटिबॉडीचं) अर्धायुष्य साधारण २१ दिवस. आज सलाइन लावलं तरी आधीच्या अँटिबॉडीज आठवडेच्या आठवडे फिरत राहतात, आणि जुन्या प्लाझ्मा पेशी नव्या पुरवतच राहतात. आणि बी पेशी ६ ते १२ महिने गायब.

तीन. तेवढाच काळ पेशंट बेडसोर आणि नळीसोबत काढणार आहे. वर ओलीकाठींनी लिहिलंय तेच.

चार. हेपॅटायटिस बी. एचबीएसएजी (सध्याच्या संसर्गाची खूण) आणि अँटी-एचबीसी (जुन्या संसर्गाचीही खूण) *दोन्ही* तपासल्याशिवाय हे औषध देता येत नाही. जुना, दबलेला विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकतं. फक्त एचबीएसएजी करून "निगेटिव्ह आहे" म्हणणारे रिपोर्ट अपुरे आहेत. अपघातानंतर भरपूर रक्त चढवलेलं असेल तर हा मुद्दा दुप्पट.

मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी रिटुक्सिमॅबचा मान्य वापर नाही. चाचणीबाहेर देत असतील तर नकार द्यावा.

---

उंबरठा

इम्युनोग्लोब्युलिनचं पण सांगा म्हणजे पूर्ण होईल. उंदरांत फायदा दिसलाय खरा, कॉम्प्लिमेंट अडवल्यामुळे असावा. माणसाचा नेहमीचा डोस किलोमागे एकूण २ ग्रॅम, ५ दिवसांत. ६० किलोला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. खर्च बाजूला ठेवा. या औषधाने रक्त गोठण्याचा धोका वाढतो आणि पायांची हालचाल बंद असलेल्या माणसाला सुरुवातीच्या तीन महिन्यांत पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका आधीच खूप असतो. दोन धोके एकावर एक.

---

निळी_शाई

पाठीतल्या पाण्याची तपासणी करून "आयजीजी वाढलंय, म्हणजे ऑटोइम्यून" असंही कुणी म्हणतं. तिथे एक साधं गणित राहून जातं.

दुखापतीनंतर भिंत फुटलेली असते, त्यामुळे रक्तातलं आयजीजी नुसतं *गळून* पाण्यात येतं. मज्जारज्जूतच बनलंय की गळलंय हे कळायला अल्ब्युमिन सोबत मोजायचं. अल्ब्युमिन यकृतात बनतं, मज्जारज्जूत नाही. पाण्यात दिसलं तर ते गळूनच आलेलं.

उदाहरण: पाण्यात आयजीजी ९, रक्तात १२०० मिग्रॅ/डेसिलि. पाण्यात अल्ब्युमिन ६०, रक्तात ४०००. ९ भागिले १२०० म्हणजे ०.००७५. ६० भागिले ४००० म्हणजे ०.०१५. पहिल्याला दुसऱ्याने भागा: ०.५. हा आयजीजी इंडेक्स, साधारण ०.७ च्या आत सामान्य. म्हणजे ९ हा आकडा वाढलेला, पण सगळा गळतीचा. रक्त आणि पाणी एकाच दिवशी घेतलेलं हवं, नाहीतर भागाकार निरर्थक. ऑपरेशननंतर पाण्यात रक्त मिसळलेलं असेल तर तोही घोळ.

---

पायवाट२

या सगळ्यात एक खरा अपवाद सांगायला हवा, नाहीतर लोक उलट टोकाला जातील.

क्वचित असं होतं की माणूस पडला *कारण* पाय आधीच लटपटत होते. एमआरआयमध्ये हाड मोडलेलं नाही, मज्जारज्जू कुठे दाबलेला नाही, पण तीन किंवा जास्त मणक्यांच्या लांबीची सूज. सोबत डोळ्याने अंधुक दिसणं किंवा दिवसेंदिवस न थांबणारी उचकी-उलटी. इथे दुखापतीनंतरचा स्वप्रतिकार नव्हे, मूळ आजारच स्वप्रतिकाराचा, एनएमओ (डोळ्याची नस आणि मज्जारज्जूवर उलटणारा आजार) असू शकतो. रक्तात ॲक्वापोरिन-४ अँटिबॉडी तपासायची, आणि ती पेशींवर आधारित पद्धतीने. एलायझा या साध्या पद्धतीत खोटे पॉझिटिव्ह जास्त. सोबत एमओजी या मायेलिनच्या प्रथिनाविरुद्धची. इथे मात्र उशीर करायचा नाही: मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम ५ दिवस, प्रतिसाद अपुरा तर एक दिवसाआड प्लाझ्मा बदलणं, ५ ते ७ वेळा. आणि रिटुक्सिमॅबची *इथे* खरी जागा आहे.

दुसरी गोष्ट, महिन्या-वर्षांनी असलेली ताकद *कमी* होऊ लागली तर पहिला संशय अँटिबॉडीवर नको. मज्जारज्जूत पाण्याची पोकळी वाढणं, म्हणजे सिरिंक्स, जास्त संभाव्य. दुखणं वर वर सरकतं, हातातली पकड जाते, गरम-गार कळेनासं होतं. मज्जारज्जू चिकटून ओढला जाणं, स्क्रू सैल होणं हेही बघायचं. पूर्ण मज्जारज्जूचा एमआरआय, नुसत्या जुन्या जखमेचा नव्हे.

---

सातबारा

बरं, मग संशोधनात सध्या माणसांवर काय हाती आहे? आणि स्टेम सेलवाले म्हणतात त्यांच्या पेशी "इम्युनिटी रीसेट" करतात.

---

गवतीचहा

मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकची कॅनडातल्या कॅल्गरीची चाचणी (२०१२, ५२ पेशंट, ७ दिवस शिरेतून) यातल्या त्यात आशादायक. औषध घेतलेल्यांना मोटर स्कोअरमध्ये (स्नायूंच्या ताकदीच्या गुणांत) सरासरी ६ गुण जास्त, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक टिकला नाही. हे औषध मायक्रोग्लियाला शांत करतं असं मानतात, म्हणजे अँटिबॉडीच्या आधीच्या पायरीवर. बाकी बहुतेक अजून उंदरांत.

स्टेम सेलबद्दल: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं रोपण सोडलं तर स्टेम सेल देणं हे संशोधन आहे, उपचार नाही. सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा, नैतिक समितीचं पत्र मागा. पैसे मागत असतील तर ती चाचणी नव्हे.

आणि कुठल्याही उपचाराचा दावा तपासायचा तर आधीचा आस्या (ASIA) तक्ता हवा, म्हणजे ताकद आणि संवेदना यांच्या गुणांची नोंद. हाताचे ५ आणि पायाचे ५ ठरावीक स्नायू, दोन्ही बाजू, प्रत्येकी ० ते ५, एकूण १००. हलका स्पर्श ११२, टोचणं ११२. गुदद्वाराजवळची संवेदना आणि आकुंचन नोंदलेलं नसेल तर दुखापत पूर्ण की अपूर्ण हेच ठरत नाही, तक्ता अर्धवट. आपोआप होणारी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात जास्त असते. दुसऱ्या महिन्यात सुई टोचून पाचव्या महिन्यात "बघा, अंगठा हलला" म्हणणाऱ्याने तुलनेला दुसरा गट दाखवायला हवा.

मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था, दिल्लीत वसंत कुंजचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर, वेल्लोरचं सीएमसी इथे असा तक्ता रीतसर भरला जातो. मूळ प्रत स्वतःकडे ठेवा.

---

कोरडवाहू

शेवटचा प्रश्न. प्रतिकारशक्ती अशी बिथरलेली असताना फ्लू आणि न्यूमोनियाची लस द्यायची का? घरचे घाबरतात की अजून उलटेल.

---

ओलीकाठी

द्यायची. या लसींत मायेलिनशी संबंधित काही नसतं. इंजेक्शनची फ्लूची लस निष्क्रिय विषाणूची, दर वर्षी. न्यूमोकॉकलची कोणती आणि किती अंतराने हे वय आणि आधी घेतलेल्या लसीवरून डॉक्टर ठरवतील. ताप किंवा संसर्ग चालू असेल तर उतरल्यावर. एनएमओसारख्या कारणाने रिटुक्सिमॅब ठरलंच असेल तर शक्यतो त्याच्या किमान ४ आठवडे आधी घ्या, नंतर बी पेशीच नसल्याने लस नीट लागत नाही. दंडाला संवेदना नसेल तर सुईच्या जागेची सूज-लाली डोळ्यांनी बघावी लागते. टी-६ च्या वर दुखापत असेल तर लस दिल्यावर थोडा वेळ बीपीवर नजर ठेवा. संवेदना नसलेल्या भागात टोचल्यानेही झटका येऊ शकतो.